दर तीन तासांनी सुई

१९९६च्या मे महिन्यात आम्ही नाशिकमधल्या शरणपूरचं जुनं घर रिकामं केलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर गठ्ठे ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी एकोणीस वर्षांची होते. वर्तमानपत्रं झाली, मामाच्या कॉलेजच्या वह्या झाल्या, आणि मग पत्र्याच्या ट्रंकेतून सुतळीने बांधलेले पत्रांचे चार गठ्ठे निघाले. मी विचारलं, हेही द्यायचे का? मामा माळ्यावरूनच म्हणाला, "सिस्टरआजीची आहेत. कोण वाचणार आता?" मी ते काट्यावर ठेवले. रद्दीवाल्याने आधी सुतळी सोडून घेतली, कारण सुतळीचं वजन तो धरत नसे.

सिस्टरआजी ही माझ्या आजीची थोरली बहीण. गल्ली तिला सिस्टर म्हणायची, म्हणून आमची ती सिस्टरआजी. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली, १९४२ साली फौजेच्या नर्सिंग सर्व्हिसमध्ये भरती झाली, आधी इजिप्तला, मग इटलीला गेली आणि १९४६ साली परत आली. चार वर्षं ती आईला पत्रं लिहीत होती. आईला वाचता येत नव्हतं. धाकटा भाऊ, म्हणजे आमचे बाबूआजोबा, ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे आणि शेजारच्या बायका हातातलं काम घेऊन ऐकायला यायच्या. खासगी म्हणावं, तर ती पत्रं पहिल्या दिवसापासूनच गल्लीची होती. सिस्टरआजीने लग्न केलं नाही, सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाली, १९८७ साली गेली. पत्रं बाबूआजोबांनी सांभाळली. ते गेले आणि आम्ही ती विकली.

तीन पत्रं मात्र बचावली, कारण ती ट्रंकेत नव्हती, चर्चला न्यायच्या गीतांच्या पुस्तकात होती. त्यातल्या एका पाकिटाचा कोपरा चौकोनी कापलेला आहे. तेही माझंच काम, तिसरी-चौथीतलं. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस, त्यामुळे आमच्या वर्गात अर्ध्या मुलांकडे तिकिटांच्या वह्या असायच्या. देशाची टपाल तिकिटं १९२६पासून या प्रेसमध्ये छापली जातात, आणि परदेशात गेलेल्या भारतीय फौजेबरोबरची टपाल कार्यालयं, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसंही, भारतीय तिकिटंच वापरत. आमच्या घरापासून काही मैलांवर छापलेलं तिकीट समुद्र ओलांडून गेलं, नाशिकच्याच एका मुलीने ते पाकिटावर लावलं, ते फिरून नाशिकला आलं, आणि मी ते कात्रीने कापून वाटीतल्या पाण्यात भिजत घातलं. तिकिटाबरोबर अर्धा शिक्काही गेला. पत्रात ठिकाण लिहायला बंदी होती. पत्र नेमकं कुठून निघालं हे सांगू शकणारी एकच खूण तो शिक्का होता.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे मी जे मागणार आहे ते मागायचा हक्क मला या चुकीतूनच मिळाला आहे. माझं म्हणणं असं की फौजी नर्सनी लढाईवरून घरी लिहिलेली पत्रं घरची असली तरी सार्वजनिक ठेव आहेत. ती जमवण्याचं काम नाशिकने अंगावर घ्यावं, आणि जमवताना त्यातली एक ओळही गाळू नये.

उरलेल्या तिनांपैकी एकाच्या मागे बाबूआजोबांनी पेन्सिलीने 'इटली, ४४' लिहून ठेवलं आहे. कागद निळसर, दोन्ही बाजू भरलेल्या, जागा संपल्यावर समासात आडवं लिहिलेलं. वर "प्रिय आई, सप्रेम सलाम." मधल्या एका ओळीवर सेन्सॉरने काळी शाई फिरवली आहे, कागद उजेडासमोर धरला तरी अक्षर लागत नाही. तिच्याखाली ती लिहिते: "नवीन औषध आले आहे. दर तीन तासांनी सुई द्यायची, दिवस असो की रात्र. सुया उकळून उकळून बोथट होतात, मग मी त्या दगडावर घासते, तू विळी घासतेस तशी. एक पोरगा मला लांबून येताना पाहतो आणि झोपेचे सोंग घेतो." पुढे: "हिवतापाच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्याने आम्ही सगळ्या पिवळ्या पडलो. धाकटीला सांग, तुझ्या बहिणीला इकडे हळद लागली." आणि समासात: "निफाडकडचा एक जण आहे, उजवा हात गेला. त्याचे पत्र मीच लिहिते. आज सात पत्रे लिहिली, तुझे आठवे."

घरात आम्ही हे पत्र कितीदा तरी वाचलं होतं आणि दरवेळी हळदीच्या ओळीपाशी आजी डोळ्याला पदर लावायची. त्यात काय आहे हे मला कळायला मात्र नर्सिंगच्या एका शिक्षिकेची मदत लागली. "नवीन औषध" म्हणजे पेनिसिलिन. ते दुसऱ्या महायुद्धात १९४३-४४च्या सुमारास दोस्त फौजांच्या दवाखान्यांत पोहोचलं. शरीर ते लघवीवाटे फार लवकर बाहेर टाकतं, म्हणून सुरुवातीच्या काळात दर तीन तासांनी इंजेक्शन द्यावं लागे. औषधाच्या इतिहासात आपण शोध लावणाऱ्यांची नावं पाठ करतो. पण एका वॉर्डात वीस जखमी असतील तर दिवसाला एकशे साठ सुया होतात, आणि त्या उकळून, घासून, अंधारात कंदील धरून टोचणारं कुणीतरी असतं, हे या पत्राखेरीज मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. पिवळ्या गोळ्या मेपाक्रीनच्या. कोयनेलचा, म्हणजे क्विनीनचा, पुरवठा जपान्यांनी जावा घेतल्यावर तुटला, म्हणून फौजांना हिवतापासाठी हे कृत्रिम औषध रोज दिलं जाई आणि त्याने कातडी पिवळी पडे. सेन्सॉरला ही ओळ गाळावीशी वाटली नसावी. आई हसावी म्हणून एका मुलीने लिहिलेली ती थट्टा होती. एवढ्या एका ओळीत जगाच्या अर्ध्या लढाईची औषधव्यवस्था आहे, आणि पंचविशीतल्या, लग्न न झालेल्या मुलीने आईला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, तेही आहे.

तिन्ही पत्रांत एक वाक्य मात्र जसंच्या तसं येतं: "मी मजेत आहे, काळजी करू नये." ते खरं नव्हतं. सरकारने ठिकाणं आणि आकडे लिहायला बंदी केली होती, आणि बाकीचं तिने स्वतःच आईपासून लपवलं. पत्र अपुरं आहे म्हणून ते पुरावा नाही, असं मला एका इतिहासाच्या पदवीधराने ऐकवलं होतं. मला उलट वाटतं. युद्धात बाई काय बोलू शकत होती याची हद्द त्या अपुरेपणातच दिसते. तीन पत्रांतून ती पुसट दिसते. चार गठ्ठ्यांतून ती वर्षावर्षाने कशी सरकली तेही दिसलं असतं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे पत्रं जपायची रीतच नाही. हे खरं नाही, आणि मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. आपला इतिहासच पत्रांवर उभा आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, पोत्यांतून, वाण्याच्या पुड्यांतून दप्तरं सोडवून आणली. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. लढाई कशी झाली हे आपल्याला पत्रांतूनच कळलं. नाशिकपुरतं बोलायचं तर पानिपतात थोरला मुलगा गमावलेल्या गोपिकाबाई पुढे गंगापूरला येऊन राहिल्या, आणि तिथून सवाई माधवरावाला लिहिलेलं, रोज कधी उठावं, कसं वागावं हे सांगणारं त्यांचं पत्र आजही अभ्यासक वाचतात. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून गोपाळरावांना लिहीत, ती पत्रं राहिली म्हणून फिलाडेल्फियातली थंडी, तिथलं खाणं, तिचा खोकला आपल्याला माहीत आहे.

रीत आहे. ती कुणाच्या पत्रांना लावली जाते, एवढाच प्रश्न आहे. गोपिकाबाईंचं पत्र पेशव्यांच्या दप्तरात होतं. आनंदीबाईंची पत्रं एका सुशिक्षित ब्राह्मण घरात होती आणि त्या गेल्यावर दोनच वर्षांत काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. फौजी नर्स ज्या घरांतून आल्या त्या घरांना वाडे नव्हते. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, शौचाची भांडी उचलायची, रात्रपाळी करायची, म्हणून 'चांगल्या घरच्या' मुलींनी हे काम करू नये असं मानलं जाई. त्यामुळे त्या काळी या कामात आलेल्या बहुतेक जणी ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन होत्या, काही विधवा होत्या. माझ्या समाजातल्या कितीतरी घरांत एक तरी सिस्टर असायची. तिच्या मनीऑर्डरवर भावंडं शिकायची, आणि ती भावंडं साहेब झाली की सिस्टरचं काम घरात मोठ्याने बोललं जात नसे. आमच्याही घरात तेच झालं. मामा "कोण वाचणार" म्हणाला त्यामागे ही लाज होती. ती त्याची एकट्याची नव्हती. माझ्यातही ती होती, नाहीतर मी काटा थांबवला असता.

शरणपूरबद्दल इथे एक सांगायलाच हवं. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४च्या सुमारास वसवलेल्या या वस्तीत गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट याने प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या तुकडीबरोबर चालत जाऊन त्या प्रवासाची डायरी लिहिली. ती जपली गेली, कारण ती एका मोठ्या गोऱ्या माणसाबद्दल होती. आमच्या गल्लीला लिहिता येत होतं, आणि फार आधीपासून.

नाशिकजवळच्या देवळालीचं उदाहरण याहून बोचणारं आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, जखमी आणि आजारी सैनिक जहाजाने मुंबईला आणि तिथून आगगाडीने देवळालीला येत. इथे मोठी लष्करी रुग्णालयं उभी राहिली होती, त्यात ३४वं वेल्श जनरल हॉस्पिटल होतं. त्या काळात भारतात पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन नर्स काम करत होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणी देवळालीला होत्या. त्यांच्यासाठी देवळाली हाच परदेश. त्यांनीही आयांना पत्रं लिहिली, उन्हाबद्दल, पंख्याबद्दल, पावसाळ्यातल्या किड्यांबद्दल, वॉर्डांबद्दल. ऑस्ट्रेलियात अशा नर्सची पत्रं, डायऱ्या, फोटो कॅनबराच्या युद्धस्मारकाने आणि राज्यांच्या ग्रंथालयांनी जमवले, स्कॅन केले, सगळ्यांना खुले केले. परदेशी मुलीने देवळालीहून घरी काय लिहिलं हे नाशिकचा शाळकरी मुलगा मोबाइलवर वाचू शकेल. नाशिकच्या मुलीने इटलीहून घरी काय लिहिलं हे मात्र तिच्या नातवंडांनाही वाचता येत नाही. त्यांनी जपलं याबद्दल मला आदर आहे. माझा राग आपल्यावर आहे.

आपल्या शिपायांचं थोडं निराळं झालं, आणि तेही विचार करायला लावणारं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत, त्यांचे उतारे इंग्रजीत उतरवत आणि अहवालाला जोडत. ते अहवाल लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं गावोगावी गेली आणि बहुतेक नाहीशी झाली. आज त्या सैनिकांचा जो आवाज आपण ऐकतो तो संशय घेणाऱ्या सरकारने भाषांतर करून ठेवला म्हणून ऐकतो. ज्यांच्यावर सरकारला संशय घ्यावासा वाटला नाही, त्या बायकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

घरच्यांनी मनावर घेतलं तर काय होतं, तेही बघा. कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले बंगाली डॉक्टर मेसोपोटेमियात होते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तुर्कांनी तिथल्या कुत गावाला घातलेल्या वेढ्यात ते अडकले, तुर्कांच्या कैदेत गेले आणि १९१७ साली तिथेच वारले. त्याच वेढ्यात ११०वी मराठा पलटणही होती, त्या खंदकांत मराठी बोललं जात होतं. मुखर्जींची पत्रं त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, सांभाळली आणि १९२८ साली, ऐंशीच्या आसपास वय असताना, 'कल्याण-प्रदीप' या पुस्तकात छापली. एका म्हातारीने हट्ट धरला म्हणून कुतच्या वेढ्यातल्या भारतीय डॉक्टरचं मन आज बंगालीत वाचता येतं. मराठीत त्या वेढ्याबद्दल घरचं म्हणावं असं काय आहे, हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला. सगळे थोडा वेळ गप्प बसतात.

फौजेतलं नर्सिंग ही काही लहान गोष्ट नव्हती. १८८८ साली दहा ब्रिटिश नर्स मुंबईत उतरल्या, तिथून ही सेवा सुरू झाली. १ ऑक्टोबर १९२६ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस फौजेचा कायमचा भाग झाली. १९४३च्या वटहुकमाने या बायकांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला आणि आजही ही सेवा त्याच वटहुकमावर चालते. दुसऱ्या महायुद्धात त्या सिंगापूर, ब्रह्मदेश, इजिप्त, इटलीपर्यंत गेल्या, काही जणी जपान्यांच्या कैदेत पडल्या. एवढ्या मोठ्या कामाचं मराठीतलं वाङ्मय किती, हे कुठल्याही वाचनालयात कपाटासमोर उभं राहून पाहावं.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप खासगीपणाचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. मुलीने आईला लिहिलेलं आपण चव्हाट्यावर का मांडावं? त्यातही नर्सच्या पत्रात फक्त तिचं नसतं. जखमींची नावं असतात, कुणाला वेड लागलं, कुणी बायकोचं पत्र फाडलं, हे असतं. निफाडकडच्या त्या हात गेलेल्या माणसाची नातवंडं आजही असतील. मला वाटतं, जपणं आणि छापणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. जपताना काही गाळायचं नाही. उघडताना मात्र घरच्यांना विचारायचं, नावं झाकायची, लागतील तितकी वर्षं थांबायचं. कायदाही साधारण असंच बघतो. कागद ज्याला आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि तिच्यानंतर वारसांचा. पेटीत कुलूप लावून ठेवलेलं पत्र पन्नास वर्षांनी उघडता येतं. रद्दीत गेलेलं उघडता येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. ऐंशी वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या पत्रात आता काय गुपित उरलं? जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्वतःच धोरण ठरवलं की युद्धांचा इतिहास ठरलेल्या मुदतीत लिहावा आणि पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रं तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यावीत. चांगलंच धोरण आहे. पण ते वॉर डायरी, अहवाल, सरकारी नोंदी यांच्याबद्दल आहे. आईला आलेलं पत्र सरकारी फायलीत नसतं, त्यामुळे ते कुठल्याच धोरणात येत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, तिची मला भीती वाटते. अशी पत्रं जमली की त्यांचं काय होईल? १२ मे उजाडेल, परिचारिका दिन, दिवे लावून दोन हृदयस्पर्शी ओळी वाचल्या जातील, त्यागमूर्ती म्हणून हार घातला जाईल. बाकीची पत्रं, ज्यांत रेशनची तक्रार आहे, मेट्रनशी भांडण आहे, रजा नाकारली म्हणून शिव्या आहेत, ती बाजूला पडतील. सिस्टरआजीच्या एका पत्रात सव्वा पान फक्त बुटांबद्दल आहे. बूट मापाचे नाहीत, पायाला फोड आले आहेत, नवे मागितले तर पुरुषांचे देतात. हे सव्वा पान कुणी गाळलं तर माझ्या दृष्टीने सगळं पत्र गाळलं. सेवा करणाऱ्या बाईला आपण देवी केलं की तिच्या पायातल्या बुटाची चौकशी करायची गरज उरत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पत्रांचा उपयोग झाला तो त्यातल्या तक्रारींमुळे. तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातून तिने ब्रिटिश मंत्री सिडनी हर्बर्ट यांना लिहिलं ते पुरवठ्याबद्दल, घाणीबद्दल, कारभाराबद्दल, आणि त्या लिहिण्यातून ब्रिटिश लष्करी रुग्णालयं बदलली. तिची हजारो पत्रं आज छापलेली आहेत. दिवा मात्र आपण एवढा उचलला की पत्रं मागे राहिली.

मग नाशिकनेच का? एका वाक्यात सांगायचं तर सगळा संसार इथेच मांडलेला आहे. देवळालीची छावणी आणि तिथलं मिलिटरी हॉस्पिटल, तोफखान्याचं संग्रहालय, नाशिकरोडची प्रेस. म्हसरूळला १९९८पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरातल्या नर्सिंगच्या मुली पदवी घेतात ती इथली. आणि १८४०पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, ज्याने पोथ्या आणि जुन्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. पोथी सांभाळणाऱ्या हातांना पत्र सांभाळायला नव्याने शिकावं लागत नाही. विद्यापीठाने नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वर्षातून एकदा असं घर शोधायला पाठवावं. इंजेक्शन देणाऱ्या मुलीने 'दर तीन तासांनी सुई' वाचलं तर तिला पुढचा प्रश्न काय विचारायचा ते कळेल, मला कळलं नव्हतं.

लोक मूळ पत्र द्यायला तयार होणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. युरोपात २०११पासून पहिल्या महायुद्धाच्या आठवणी जमवण्याचे दिवस भरवले गेले, युरोपियाना या प्रकल्पाखाली. लोक घरातून पत्रं, पदकं, फोटो पिशवीतून आणत, तिथेच स्कॅन करून घेत, घरची गोष्ट सांगत आणि मूळ वस्तू घेऊन घरी जात. गोदाकाठी तसा एक रविवार भरवायला एक सभागृह, दोन-तीन चांगले स्कॅनर आणि मोडी नाही पण जुनं वळण वाचता येणारी चार माणसं एवढंच लागतं. महायुद्धापुरतंही थांबायला नको. नंतरच्या लढायांतली, परदेशी शांतिसेनेत गेलेल्यांची पत्रंही घरोघर आहेत. हल्लीच्या मुलींचे निरोप तर फोन बदलला की जातात. त्यांच्या आयांनी ते कुठेतरी उतरवून ठेवले तर ते काम आजच सुरू होईल.

तोवर ज्यांच्या घरी अशी पत्रं आहेत त्यांच्यासाठी मी शिकलेलं थोडं सांगते, कारण पावसाळा कुणासाठी थांबत नाही. पत्र पाकिटासकट ठेवावं, तिकीट काढू नये, शिक्का कापू नये. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नये, काही वर्षांत त्याचा पिवळा डाग कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. घड्या उघडून, सपाट, कोरड्या कपाटात ठेवावं, माळ्यावर नाही. माळ्यावर कसर आणि वाळवी दोन्ही आपल्याआधी वाचतात. दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, कोऱ्या दिसणाऱ्या बाजूचाही. आणि घरात जी सगळ्यात म्हातारी व्यक्ती आहे तिला ते वाचून दाखवून ती काय बोलते ते रेकॉर्ड करावं. "धाकटी" म्हणजे कोण, हे माझ्या आजीनंतर कुणालाच सांगता आलं नसतं.

इटलीच्या त्या पत्राच्या तळाशी, आईचा निरोप संपल्यावर, वेगळ्या बारीक अक्षरात एक ओळ आहे: "बाबू, इथून पुढचे आईला वाचू नकोस." तिच्याखाली साडेतीन ओळी. बाबूआजोबांनी ओट्यावर बसून वाचताना तिथे आवाज थांबवला असणार, घडी घातली असणार, आणि बायका उठून गेल्या असणार. त्या साडेतीन ओळी मी वाचल्या आहेत. इथे लिहीत नाही. मामेभावाशी बोलून आम्ही ठरवलं की त्या स्कॅनमध्ये पूर्ण राहतील, पण ती परतली त्याला शंभर वर्षं होतील तेव्हाच कुणाला दाखवायच्या. पाकीट माझ्या कपाटात आहे. नाशिकमध्ये कुणी संग्रह सुरू केला की सगळ्यात आधी मी हेच नेऊन देईन. त्यावर मी "२०४६ साली उघडावे" असं लिहून ठेवलं आहे, पेन्सिलीने, कारण शाई दमट हवेत आतल्या कागदावर उतरते.